काच नंतर बदला, आधी तक्रार द्या

गाडीची काच फोडलेली दिसली की माणूस आधी दार उघडतो आणि सीटवरून हात फिरवतो. बॅग गेली हे त्याला बाहेरूनच कळलेलं असतं, तरी फिरवतो. मग ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावतो. तो म्हणतो, "आणा गाडी, तासाभरात टाकून देतो." आणि तासाभरात काच बसतेही. संध्याकाळी घरी येऊन माणूस सांगतो, जाऊ दे, थोडक्यात सुटलो.

सुटलेला नसतो. फुटलेल्या काचेचा एक फोटो काढलेला नाही, पोलिसांत नोंद नाही, विमा कंपनीला कळवलेलं नाही. दाराच्या पोकळीत मूठभर काच खुळखुळते आहे. आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात घराची किल्ली होती, हे त्याला रात्री दिवा मालवताना आठवतं.

या सगळ्या भानगडीत काच बदलणं हे सर्वांत सोपं काम आहे. काच बाजारात मिळते आणि बसवणारे कारागीर जिल्ह्याच्या प्रत्येक गावात आहेत. आपलं नुकसान होतं ते क्रम चुकल्यामुळे. मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, सिंहगडाच्या पायथ्याशी, हायवेच्या फूड मॉलवर किंवा स्वतःच्या सोसायटीच्या गेटाबाहेर, कुठेही हा प्रसंग आला तरी पहिल्या तासात काय करायचं आणि काय नाही, ते ठाऊक असलेलं बरं.

पहिली गोष्ट, दाराला हात लावू नका. मोबाइल काढा आणि फोटो घ्या. एक नंबर प्लेटसकट. एक असा, की मागे दुकानाची पाटी, विजेचा खांब किंवा जागेची ओळख पटेल असं काहीतरी दिसेल. एक फुटलेल्या खिडकीचा जवळून, आणि एक आतला. आत सीटवर दगड पडला असेल तर तो तसाच राहू द्या. बेअरिंगची लोखंडी गोळी सापडली तर तीही उचलू नका. गलोलीने अशी गोळी मारून काच फोडणाऱ्या टोळ्या पोलिसांच्या माहितीच्या असतात, आणि ती गोळी तपासाचा धागा असते. पॉवर विंडोचं बटण दाबून "खाली जाते का बघू" हा उद्योग तर अजिबात नको. चौकटीत अडकलेले तुकडे आत ओढले जातात आणि काच वरखाली करणारं मशीनही बिघडतं.

मग आजूबाजूला कॅमेरे कुठे आहेत ते बघा. मेडिकलच्या दुकानावर असतो, एटीएमवर असतो, समोरच्या बंगल्याच्या फाटकावर असतो. बहुतेक ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे पोलीस उद्या-परवा येतील या भरवशावर राहू नका. दुकानदाराला जाऊन नीट सांगा, "काका, साडेसात ते नऊमधलं रेकॉर्डिंग जरा काढून ठेवाल का? पोलीस मागायला येतील." बहुतेक जण ठेवतात. रेकॉर्डिंग तुमच्या हातात द्यायला ते नकार देतील, तर तो त्यांचा हक्क आहे. वाद घालू नका. ते पुसलं जाऊ नये एवढंच आपलं काम.

बॅग गेली असेल तर तिथेच उभं राहून, बँकेची कार्डं बंद करा. चेकबुक असेल तर पेमेंट थांबवायला सांगा. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. तिथे मिनिटांचा हिशेब असतो. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ऑफिसात कळवायला सकाळची वाट पाहू नका. साहेब रागावतील म्हणून रात्रभर गप्प राहणारे लोक मी पाहिले आहेत. लॅपटॉप कंपनीने लांबून बंद करायचा असेल तर ते त्याच रात्री व्हावं लागतं. मोबाइल गेला असेल तर त्याचा आयएमईआय नंबर 'संचार साथी'च्या सरकारी पोर्टलवरून ब्लॉक करता येतो, पण त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत लागते.

आणि घराची किल्ली. बॅगेत किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात घराची किल्ली आणि पत्ता लिहिलेला एखादा कागद एकत्र असेल, म्हणजे आरसी बुकाची प्रत, आधारची झेरॉक्स, विजेचं बिल, तर घरी फोन करून आधी आतून कडी लावायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी कुलूप बदला. गाडीची दुसरी किल्ली आतच होती असं लक्षात आलं तर सर्व्हिस सेंटरमध्ये ती किल्ली रद्द करून घ्या. नाहीतर आज काच गेली, उद्या गाडी जाईल.

आता पोलीस. इथे जरा थांबतो, कारण घोळ सर्वांत जास्त इथेच होतो.

ठाण्यात गेल्यावर पुष्कळदा एक सल्ला मिळतो. तो देणाऱ्याचा हेतू वाईटच असतो असं नाही. "ताई, कशाला गुन्हा दाखल करता? कोर्टाच्या चकरा मागे लागतील. कागदपत्रं गहाळ झाली म्हणून ऑनलाइन नोंद करा, डुप्लिकेट काढायला तेवढं पुरतं." दिवसभर दमलेल्या माणसाला हे पटतं. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर गहाळ वस्तूंची नोंद करण्याची सोय आहे आणि ती चांगलीच आहे. रिक्षात पाकीट विसरलं, बसमध्ये लायसन्स पडलं, तर तिथेच जावं. पण तुमची वस्तू पडलेली नाही. कोणीतरी काच फोडून ती उचलली आहे. गहाळ नोंदीचा तपास होत नाही. विमा कंपनी किंवा ऑफिस तिला चोरीचा पुरावा धरत नाही. उलट "तुम्हीच हरवलं म्हणून लिहून दिलंय" असं म्हणायला त्यांना जागा मिळते.

म्हणून शांतपणे, आवाज न चढवता सांगायचं, "साहेब, गहाळ नाही झालं, चोरी झालीय. तक्रार लेखी आणली आहे." आणि कागद पुढे करायचा. त्यात गाडीचा नंबर, गाडी कधी लावली आणि कधी परत आलो त्या वेळा, कुठली काच फुटली, काय काय गेलं आणि त्याची अंदाजे किंमत, एवढं लिहायचं. लॅपटॉपचा सीरियल नंबर खोक्यावर किंवा बिलावर सापडतो, तो टाकायचा. काच फोडून केलेलं नुकसान आणि आतल्या वस्तूंची चोरी, या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहायच्या.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरी येते. प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनातून वस्तू चोरली तर कलम ३०५ आहे, आणि त्याला ७ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. कलमं लावणं पोलिसांचं काम, तुम्ही त्यांना कायदा शिकवायला जाऊ नका. पण हा गुन्हा किरकोळ नाही हे आपल्याला ठाऊक असलं की समोरच्याच्या "अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी" या वाक्याने माणूस ओशाळत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मात्र लक्षात ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडलेला असो. साताऱ्याजवळच्या धाब्यावर काच फुटली आणि तुम्ही कोल्हापूरला पोहोचल्यावर ते लक्षात आलं, तर कोल्हापुरात तक्रार घ्यावी लागते. पुढे ती योग्य ठाण्याकडे पाठवणं हे त्यांचं काम. खबर ऑनलाइनही देता येते, फक्त ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ठाण्यात घेतलीच नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते. शहरात असाल तर उपायुक्तांच्या कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.

काच फुटली पण आतलं काहीच गेलं नाही, असंही होतं. चोराला चाहूल लागते, किंवा बॅगेत नुसता जेवणाचा डबा निघतो. अशा वेळी लोक ठाण्याची पायरी चढतच नाहीत. चढले तर पोलीस बहुधा अदखलपात्र नोंद करतात, ज्याला सगळे एनसी म्हणतात. ती तरी घ्याच, आणि तक्रारीत 'चोरीच्या उद्देशाने काच फोडली' हे शब्द राहू द्या. एका गल्लीत महिन्याभरात चार गाड्या फुटल्या आणि नोंद एकाचीच असेल, तर ठाण्याच्या वहीत त्या गल्लीत एकच गाडी फुटलेली असते. रात्रीची गस्त कुठे वाढवायची हे त्या वहीवरून ठरतं, तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून नाही.

आणखी एक कारण आहे, जे कुणी सांगत नाही. चोर पकडला जातो तेव्हा त्याच्याकडे एक लॅपटॉप सापडत नाही, ढीग सापडतो. पोलीस तो मुद्देमाल मूळ मालकांना परत देतात. २ जानेवारीच्या महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी त्याचे कार्यक्रमही होतात. पण परत द्यायचा कुणाला? ज्याची तक्रार आहे आणि ज्याने सीरियल नंबर लिहून दिलाय त्याला. बाकीचा माल बेवारस म्हणून पडून राहतो.

पोलिसांनी घटनास्थळाचा पंचनामा केला, की त्यांना सरळ विचारून घ्या, "आता काच बदलली तर चालेल ना?" त्यांनी हो म्हटल्यावर पुढे जा.

विम्याचं गणित मात्र कागद-पेन घेऊन करा, कारण इथे भावनेपेक्षा बेरीज-वजाबाकी उपयोगाची. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर विषय संपला. तो कायद्याने सक्तीचा आहे, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही त्यातून मिळत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल, ज्याला एजंट फुल इन्शुरन्स म्हणतात, तर चोरी, घरफोडी आणि खोडसाळपणाने केलेली मोडतोड त्यात बसते. म्हणजे काच मिळते. आतलं सामान नाही मिळत. लॅपटॉप, पर्स, कॅमेरा यांचा गाडीच्या साध्या पॉलिसीशी संबंध नाही. त्यासाठी वेगळं जादा कलम घ्यावं लागतं, आणि घेतलं असलं तरी कुठल्या वस्तू त्यात धरत नाहीत ती यादी वाचल्याशिवाय हुरळून जाऊ नका.

एक चांगली बातमी अशी, की काचेवर घसारा धरत नाहीत. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात, काचेवर शून्य. त्यामुळे "झिरो डेप असतं तर काच पूर्ण मिळाली असती" हे एजंटचं बोलणं काचेपुरतं खरं नाही. पण प्रत्येक दाव्यात काही रक्कम तुमच्या खिशातूनच जाते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००.

आता हिशेब मांडू. समजा साध्या हॅचबॅकच्या दाराची काच मजुरीसकट ३,००० रुपयांत बसते. दावा केला तर कंपनी देणार २,००० च्या आसपास. तुमचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी १०,००० रुपये आहे आणि तीन वर्षं दावा न केल्याने ३५ टक्के नो क्लेम बोनस चालू आहे. दावा केला नसता तर पुढच्या नूतनीकरणाला तो ४५ टक्के झाला असता, म्हणजे ४,५०० रुपयांची सूट. दावा केला की बोनस शून्यावर, आणि पुन्हा २०, २५, ३५ अशी शिडी पहिल्या पायरीपासून चढायची. २,००० रुपयांसाठी ४,५०० सोडायचे? गाडी महागडी असेल, दोन काचा गेल्या असतील, पहार घालून दारही वाकवलं असेल, किंवा बोनस सांभाळणारं जादा कलम घेतलं असेल, तर दावा जरूर करा. नुसती एक साधी काच असेल तर बहुतेकांना खिशातून भरणं स्वस्त पडतं. तुमचे आकडे टाकून बघा. आणि दावा करायचा ठरला तर आधी कळवा, सर्व्हेअरने गाडी पाहू द्या, किंवा कंपनी मागेल तसे फोटो-व्हिडिओ पाठवा, मगच काच बदला. नवी काच बसवलेली गाडी दाखवून जुन्या काचेचे पैसे मागणं फार कठीण जातं.

दरम्यान गाडी झाकावी लागते. पावसाळा असेल तर लगेच. जाड प्लास्टिकचा कागद घ्या, दाराच्या वरच्या कडेवरून आत दुमडा आणि दार लावून दाबून टाका. चिकटपट्टी लावायचीच तर रंगकाम करणारे वापरतात ती मास्किंग टेप. खोक्याची ब्राऊन टेप उन्हात रंगाला अशी धरते की काढताना पॉलिश निघतं. पुठ्ठा लावून गाडी चालवू नका, बाजूचा आरसा दिसत नाही.

तुकडे हाताने झाडू नका. समोरची मोठी काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून ती तडकली तरी जागीच राहते. बाजूची काच तशी नसते. ती ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. एरवी ती हाताच्या बुक्कीला दाद देत नाही, पण पृष्ठभागाला एका जागी टोकदार जखम झाली की आतला ताण मोकळा होतो आणि सगळी काच खडीसाखरेसारखी विखुरते. हे मुद्दाम केलेलं असतं, अपघातात लांब सुरे तयार होऊ नयेत म्हणून. याच कारणाने बाजूच्या काचेचा तडा भरता येत नाही. कोणी "रिपेअर करून देतो" म्हणाला तर त्याला रामराम करा. तुकडे बोथट असतात असं म्हणतात, पण बोटं कापण्याइतकी धार त्यांना असते. जाड हातमोजे घाला, मोठे तुकडे उचला, बाकीचं व्हॅक्यूमने ओढा. सीट बेल्टच्या बकलात, सीट सरकायच्या रुळांत, लहान मुलांच्या सीटच्या शिवणीत बघा. मूल त्या सीटवर बसणार असेल तर कव्हर काढून झटकल्याशिवाय बसवू नका. आणि रस्त्यावर पडलेला सडा सुपलीत भरून कचऱ्यात टाका. तो तसाच सोडून जाणारा माणूस मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा विचार करत नाही, हे मला खटकतं.

काच घ्यायची कुठून? कंपनीचं सर्व्हिस सेंटर, बाहेरचे काचवाले आणि भंगार बाजार, असे तीन पर्याय. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी केली तर एकाच काचेचे तीन भाव ऐकायला मिळतात. काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, तो वाचा. बनवणाऱ्याचं नाव आणि आयएसआयची खूण त्यात असायला हवी. गाड्यांच्या सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे. गाड्यांच्या काचा आपल्याकडे चाकणलाही बनतात. तेव्हा नेहमीच्या मॉडेलची काच "बाहेरून मागवावी लागेल, पंधरा दिवस लागतील" असं कोणी सांगितलं तर दुसऱ्या दुकानात विचारा. भंगारातली काच बंद पडलेल्या मॉडेलसाठी घ्यायला हरकत नाही, पण बिलाशिवाय नको. बिल न देणाऱ्याकडची काच कुठल्या गाडीची असेल, याचा विचार निदान आपण तरी करावा.

मागणी देताना मॉडेल आणि वर्ष तर सांगाच, शिवाय व्हेरिअंट, ड्रायव्हर साइड की क्लीनर साइड, पुढचं दार की मागचं, आणि काचेची छटा सांगा. कंपनीच्या काचेला बहुधा फिकट हिरवी झाक असते. पांढरी बसवली तर उन्हात एक खिडकी वेगळीच दिसते. मागच्या दाराशेजारची छोटी तिकोनी काच फुटली असेल तर लहान म्हणून स्वस्त असेल असं धरू नका. ती बहुतेकदा रबराच्या चौकटीसकट येते, गोंदाने चिकटवावी लागते, आणि दाराच्या मोठ्या काचेपेक्षा महाग पडू शकते. चिकटवल्यावर गोंद वाळेपर्यंत गाडी धुवायची नाही.

फिटिंगच्या वेळी चहा प्यायला जाऊ नका. गाडीजवळ उभे राहा. कारागीर आधी हँडलमागचे स्क्रू काढतो, मग दाराचा आतला पॅड झटका देऊन सोडवतो. क्लिपा टकटक निसटतात, त्यातल्या एक-दोन तुटतात. आत काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा कागद असतो. तो सोलला की दाराचं पोट उघडं पडतं, आणि तळाशी बघा, जुनी काच तिथे जमलेली असते. सगळं महत्त्वाचं काम या एका क्षणी आहे. घाईतला कारागीर हवेचा पाइप मारतो, तुकडे इकडचे तिकडे होतात आणि तो नवी काच आत सोडतो. त्याला तिथेच थांबवा. "दादा, खालची काच आधी व्हॅक्यूमने काढा, मगच नवी घाला." दोन-तीनदा दार जोरात आपटायला सांगा, अडकलेले तुकडे खाली येतात, पुन्हा व्हॅक्यूम मारा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती काचेने बुजली की पावसाचं पाणी दारात साचतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा आतून गंजतो. ती भोकं तारेने मोकळी करून घ्या. काच ज्यातून सरकते त्या रबरी चॅनलमध्ये रुतलेले कण काढले नाहीत तर नव्या काचेवर पहिल्याच आठवड्यात उभ्या रेघा पडतात.

काच मशीनला बोल्ट केली की पॅड लावण्याआधीच चार वेळा वरखाली करून बघा. प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवायला लावा. बरेच जण तो फाडून फेकतात, आणि मग जुलैत पायाखालचं मॅट का ओलं होतं हे कुणाला कळत नाही. तुटलेल्या क्लिपा नव्या घालायला सांगा, पाच-दहा रुपयांचा मामला असतो, नाहीतर खड्ड्याखड्ड्याला दार बोलतं. एका दाबात वर जाणारी काच असेल तर तिचं सेटिंग पुन्हा द्यावं लागतं, ते गाडीच्या पुस्तकात असतं. निघण्यापूर्वी सेंट्रल लॉक, आरसा, स्पीकर तपासा. बिल घ्या आणि गाडीच्या कागदांत ठेवा. उद्या गाडी विकताना जाणकार गिऱ्हाईक काचांचे शिक्के वाचतो. एकीवर वेगळं वर्ष दिसलं की अपघाताची गाडी म्हणून भाव पाडतो. पोलीस तक्रारीची प्रत आणि काचेचं बिल दाखवलं की तो मुद्दाच राहत नाही.

नवी काच टाकली की दुकानदार विचारतोच, "फिल्म मारून देऊ? आतलं दिसणार नाही, परत कोण फोडणार नाही." काळ्या फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१२ चा निकाल आहे, आणि मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. गडद फिल्मने चलन होतं. शिवाय गडद काचेआड उभ्या चोराला रस्त्यावरच्या माणसापासून आडोसाच मिळतो.

पार्किंगच्या पावतीवर 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं असतं आणि तिथेच बहुतेक जण हार मानतात. गाडीची किल्ली व्हॅलेच्या हातात दिली असेल तर गोष्ट वेगळी आहे. ताब्यात घेतलेली गाडी गेली तर हॉटेलला अशा छापील ओळीआड लपता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं. तो निकाल गाडी चोरीला गेल्याचा आहे. फुटलेली काच आणि आतलं सामान त्यात आपोआप बसतं असं मी म्हणणार नाही. पण टोकन फेकू नका, आणि व्यवस्थापकाला तिथल्या तिथे लेखी कळवा.

पुढच्या वेळेसाठी फार सांगण्यासारखं नाही. सीटवर काही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा. चोराला ती रिकामी आहे हे फोडल्यावरच कळतं. बॅग डिकीत ठेवायची तर घरून निघतानाच ठेवा. पार्किंगमध्ये उतरून डिकी उघडून बॅग आत ढकलणं म्हणजे बघणाऱ्याला ती कुठे आहे ते दाखवणं. सिग्नलवर कोणी "तुमचं ऑइल गळतंय" किंवा "तुमचे पैसे पडलेत" म्हणालं तर आधी दारं लॉक करा.

मंगल कार्यालयं आणि हॉटेलं चालवणाऱ्यांनाही एक विनंती. पार्किंगमध्ये दिवा आणि चालू असलेला कॅमेरा लावा. "आमची जबाबदारी नाही" ही पाटी रंगवायला लागतो त्याच्यापेक्षा फार जास्त खर्च त्याला येत नाही.

आणि ज्यांची काच गेल्या काही महिन्यांत फुटली, ज्यांनी ती मुकाट्याने बदलून घेतली आणि कुठे काही बोलले नाहीत, त्यांना सांगायचं आहे, की चोरीची तक्रार उशिरा दिली म्हणून बाद होत नाही. उशीर का झाला ते एका ओळीत लिहा, जुने फोटो असतील तर जोडा, वस्तूंचे नंबर टाका, या आठवड्यात ठाण्यात जाऊन द्या आणि प्रत घेऊनच बाहेर पडा.